वरचं दूध

भाताची कापणी सुरू झाली, वहिनी दुपारची शेतावर जायला लागली आणि त्याच सुमारास बाळाच्या अंगावर गांधी उठायला लागल्या. डास चावल्यासारख्या लाल, फुगीर. आधी मानेवर, मग गालांवर, पोटावर. संध्याकाळी उठायच्या आणि सकाळपर्यंत नाहीशा व्हायच्या. कधी उलटीही व्हायची.

बाळ माझ्या दादाचं. दादा मुंबईला नोकरीला, गणपतीला येऊन परत गेलेला. घरात आई, वहिनी, मी आणि ते बाळ. ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं होती. मी पालीहून एसटीनं रत्नागिरीच्या कॉलेजात जायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात काही अडलं की सगळ्या आधी माझ्याकडे बघायच्या. मला उत्तर आलं नाही की मग आपसात बोलायला लागायच्या.

गांधी संध्याकाळीच का उठतात, याचं उत्तर आईकडे तयार होतं. वहिनी घामेजून यायची, हातपाय धुवायची आणि बाळाला पदराखाली घ्यायची. त्यानंतर थोड्याच वेळात गांधी.

"उन्हात तापलेलं दूध पाजते ती," आई मला हळूच म्हणाली. "पोराला बाधतंय. मी बोलले तर सासू वाईट."

वहिनीचा संशय वेगळा होता. विहिरीवर दोर ओढता ओढता तिनं मला विचारलं, "वन्सं, मी नसते तेव्हा त्याला कोण कोण घेतं? ती शेजारची काकी रोज दुपारी येऊन बसते ना? तिचं बघणं मला बरं वाटत नाय."

"काकी काय करणार आहे?"

"ते मला काय ठाऊक? तुम्ही शिकताय, तुम्ही सांगा."

दोघी माझ्याशी बोलायच्या ते एकमेकींच्या पाठीमागे, आणि मी कुणाची हेही दोघींना नक्की ठाऊक नव्हतं.

शेवटी बाळाला पालीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते मूळचे घाटावरचे. त्यांनी बाळाला उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "वरचं दूध देता का याला?"

"नाय हो," आई म्हणाली. "वरचं दूध घरात येतच नाय. गाय कधीच आटली."

"म्हणजे फक्त अंगावरचं?"

"अंगावरचंच."

आई खोटं बोलत नव्हती. मी शेजारीच उभी होते आणि वहिनीही होती. आम्हा दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे वरचं दूध म्हणजे गाईचं, म्हशीचं, नाहीतर शेळीचं. दादानं गणपतीत मुंबईहून जो डबा आणला होता, तो त्यात धरायचा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्याला आम्ही पावडर म्हणायचो. ती औषधाच्या दुकानात मिळायची आणि डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. वहिनी शेतावर गेली की उन्हं कलताना आई ती कोमट पाण्यात कालवायची आणि बोंडल्यानं बाळाला पाजायची. पावडर म्हणजे टॉनिक. टॉनिकला दूध कोण म्हणेल?

डॉक्टरांनी मलम दिलं, थेंब दिले आणि वहिनीला म्हणाले, "अंडी, मासे थोडे दिवस बंद ठेवा. आईच्या खाण्यातूनही कधीकधी बाळाला त्रास होतो."

परत येताना आईची चालच बदलली होती. डॉक्टरही तिच्याच बाजूचे निघाले होते. वहिनीनं बांगडा सोडला, सुकट सोडली, कुळथाची पिठी आणि भात खाऊन राहिली. गांधी उठायच्या त्या उठतच होत्या.

मग काकीनं तो उपाय सांगितला. "आमच्या माहेरी करून बघायचे," ती म्हणाली. "वाटीत अंगावरचं दूध काढायचं आणि मुंगी सोडायची. मुंगी जगली तर दूध चांगलं. मेली तर समजायचं."

वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळानं तिनं वाटी पुढे सरकवली. आईनं उंबऱ्यावरची काळी मुंगी चिमटीत धरून आत सोडली. मुंगीनं पाय मारले, वाटीच्या कडेला गेली, घसरली, पुन्हा गेली. मग हलायची थांबली. काकी चुकचुकली.

"उद्यापासून अंगावर घेऊ नको त्याला," आई म्हणाली. "पावडर हाय, तीच दिवसभर देऊ."

वहिनीनं वाटी उचलली आणि आत न जाता तशीच हातात धरून उभी राहिली. ते दूध कुठे ओतायचं हे तिला कळत नसावं.

मला राहवलं नाही. मी दुसऱ्या वाटीत पाणी घेतलं आणि त्यात मुंगी सोडली. तीही मेली. मी वाटी आईला नेऊन दाखवली. काकीच आधी हसली.

"पाण्यात मुंगी मरते, हे शिकायला रत्नांग्रीला जातेस होय गो?"

आईलाही हसू आलं. मी वाटी घेऊन मागल्या दारी गेले.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी प्राणिशास्त्राच्या मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. मॅडम पुण्याच्या. त्यांच्याशी बोलताना माझा हेल ऐकून पुढच्या बाकावरची मुलं हसायची, म्हणून मी वर्ग रिकामा होईपर्यंत थांबले. सगळं सांगितलं, फक्त मुंगीचं सांगितलं नाही.

मॅडमनीही तेच विचारलं. "वरचं दूध देता?"

"नाही."

"आई शेतावर जाते म्हणतेस. मग तेवढा वेळ त्याच्या पोटात काय जातं?"

"पावडर. डब्यातली."

"आणि ती कशाची करतात?"

"दुधाची," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला कळलं. मॅडमनी परदेशातल्या एका मासिकातला लेख काढला. बाळांना दिल्या जाणाऱ्या डब्यातल्या दुधावर तिकडे संशोधन चाललं होतं. काही थोड्या मुलांना गाईचं दूध सोसत नाही, ते कसल्याही रूपात दिलं तरी, असं त्यात होतं. का सोसत नाही, हे तिकडच्यांनाही पुरतं उमगलं नव्हतं. "शरीराला उगाचच संशय येतो," मॅडम म्हणाल्या. "साधं दूध असतं, पण शरीराला वाटतं, शत्रू आला. पण हे बघ, मी डॉक्टर नाही. डबा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना नीट सांग."

पालीला उतरून घरी पोचले, तर बाळाचे ओठ सुजले होते. डोळे फुगून बारीक झाले होते. सकाळपासून त्याला पावडरच दिली होती. आई त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. वहिनी कोपऱ्यात बसली होती, तिची चोळी पुढून भिजली होती, आणि बाळ रडलं की ती दोन्ही हात छातीवर दाबून धरत होती.

मी फळीवरचा डबा काढला आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचली. इंग्रजी वाचता येणारी घरात मी एकटीच होते. पण ते वाचावं असं मलाही आजवर सुचलं नव्हतं.

"आई, हे दूधच आहे."

"दूध असतं तर औषधवाला कशाला विकेल?"

"लिहिलंय यावर."

आईनं डबा हातात घेतला, अक्षरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला वहिनीनं सांगितलं हे बोलायला?"

वहिनी मात्र उठली होती. तिनं बाळाला आईच्या खांद्यावरून घेतलं आणि चप्पल न घालताच वाटेला लागली. आम्ही मागून डबा घेऊन.

डॉक्टरांनी आधी बाळाला औषध दिलं. श्वास नीट चालला आहे ना ते पाहिलं आणि बराच वेळ आम्हाला तिथेच बसवून ठेवलं. सूज थोडी उतरल्यावर त्यांनी डबा हातात घेतला.

"मी विचारलं होतं ना तुम्हाला, वरचं दूध देता का म्हणून?"

"तुम्ही दुधाचं विचारलं होतं," आई म्हणाली. "डब्याचं नाय."

डॉक्टरांनी डबा टेबलावर ठेवला. एवढंच म्हणाले, "हे बंद. याला आईचंच दूध द्या."

घरी आल्यावर वहिनीनं ओटीवरच बाळाला घेतलं, सगळ्यांच्या देखत. काकीही आली होती. वहिनी पाजत होती आणि आम्ही तिघी बाळाच्या गालाकडे बघत बसलो. आई मधूनच बोटानं त्याची मान चाचपून बघायची. काही उठलं नाही.

"आज ती उन्हात गेली नव्हती," आई म्हणाली.

तिचा विश्वास बसला नव्हता. डॉक्टर आधी एक बोलला, आता दुसरं बोलतो, असंही ती काकीला म्हणाली. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. वहिनी कापणीला गेल्यावर भर दुपारी आईनं बाळाला कुंचीत गुंडाळलं, मला छत्री धरायला सांगितली आणि दुखऱ्या गुडघ्यानं बांधावरून चालत शेतावर आली. वहिनी विळा टाकून धावत पुढे आली.

"काय झालं त्याला?"

"काय नाय. पाज."

"अंग तापलंय माझं. हात तरी धुते."

"धुऊ नको. अशीच पाज."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, हे काहीतरी कारस्थान आहे. आता गांधी उठल्या की सगळं पुन्हा तिच्यावरच येणार. क्षणभर ती बाळाला घेईचना. मग मांडी घालून बांधावरच बसली. आई समोर उकिडवी बसली, बाळाच्या तोंडावरून नजर न हलवता. बाळ पिऊन झोपलं. आई त्याला घेऊन घरी आली आणि उन्हं कलेपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही. त्याची मान, गाल, पोट, सगळं स्वच्छ होतं. मॅडमच्या लेखात शोभला असता असा तो प्रयोग होता, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मलाही भीतीच वाटत होती.

संध्याकाळी आईनं डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि तो माळ्यावर टाकला. जेवताना वहिनीच्या ताटात बांगड्याची तुकडी वाढली. वहिनीनं ती आधी बोटानं थोडी उलटून पाहिली, मग खाल्ली.

शिमग्याला दादा आला. पिशवीतून त्यानं नवा डबा काढला, पहिल्यापेक्षा मोठा. वहिनी चुलीपाशी होती, तिनं मागे वळून पाहिलं. मी समजावून सांगायला सुरुवात केली. दादा म्हणाला, "मुंबईत सगळे हेच देतात. तुमचं काहीतरीच."

"थांब," आई म्हणाली. तिनं वाटीत चमचाभर पावडर कालवली, उंबऱ्यावरची एक मुंगी उचलली आणि आत सोडली. दादा वाकून बघू लागला. मुंगीनं पाय मारले, कडेला गेली, घसरली आणि थांबली.

"बघ," आई म्हणाली. "हे माझ्या नातवाला पाजायचंय तुला?"

दादानं डबा गुपचूप पिशवीत ठेवला. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. तिनं डोळ्यानंच मला गप्प बस म्हणून खुणावलं, पण मी काही बोलणार नव्हतेच.