एम्बसीच्या नकाशातली जास्तीची खोली

आधीच सांगते, मी अशा गोष्टींवर हसणाऱ्यांतली. रत्नागिरीकडे आमच्या गावात कुणाला काही दिसलं की अम्मी दुवा पुटपुटायची आणि मी विचारायची, "चष्मा लावला होता का त्याने?" माझं कामच मोजमापाचं. शारजाला राहते, जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे काढते. टेपला जे लागत नाही ते माझ्यासाठी नसतं... नव्हतं.

गेल्या वर्षी अबू धाबीचं काम आलं. कॉर्निशपासून, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यापासून, दोन सिग्नल आत एक जुना, प्रचंड बंगला. तेलाचा पैसा नुकता यायला लागला होता तेव्हा एका मोत्यांच्या व्यापाऱ्याने बांधलेला. दोन मजले, पाहुण्यांच्या बैठकीसाठी वेगळी मजलिस, मागे खजुराची बाग. म्हातारा वारला, मुली आपापल्या घरी. आता एका युरोपियन देशाने तो एम्बसीसाठी भाड्याने घेतला होता, आणि तिथे यायच्या आधी त्यांना नकाशा हवा होता.

त्याच्या सहा आठवडे आधी माझा भाई गेला होता. बेचाळीस वर्षांचा, सकाळी नाश्ता करता करता. चौथ्या दिवशी मी ऑफिसात हजर. सगळे म्हणाले, स्ट्राँग आहे. स्ट्राँग वगैरे काही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. जेवण, ड्रायव्हिंग, काम — सगळं व्हायचं, मी त्यात नसायची.

तर, सकाळी साडेअकराची वेळ. आमचा इंजिनीअर साजन खाली, मी एकटी वरच्या मजल्यावर. कॉरिडॉरच्या टोकाचं दार उघडं होतं. आत छोटी खोली, बागेकडे खिडकी, भिंतीत निळा रंग दिलेला कोनाडा. खिडकीखाली गादीवर एक बाई बसली होती. हिरवा झगा, केस मोकळे, तिशीही नसेल. मला वाटलं, साफसफाईला आलेली कुणी. मी "सॉरी" म्हणून लेझर मीटर लावला, दोन मापं घेतली. निघताना ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "दरवाजा खुला रखो." मी "जी" म्हटलं, दार उघडंच ठेवलं आणि पुढच्या खोलीत गेले. बस. भीती नाही, थंडगार वारा नाही, काही नाही.

आठवड्याने साजनने मला साइटवर बोलावलं. "नाझनीन, ये रूम कहाँ से लाया? उधर तो दीवार है."

वर गेलो. कॉरिडॉरच्या टोकाला भिंत. प्लास्टर, रंग, वर एसीसुद्धा बसवलेला, तोही जुना. बाहेरून पाहिलं तर खिडकीही नाही. मी मीटरची मेमरी उघडली. चार मीटर बारा, तीन मीटर सदतीस. वेळ अकरा चौतीस. साजनने लगेच बाहेरून टेप लावला.

बाहेरची मापं जुळवल्यावर त्या जागी पोकळी आहे हे सिद्ध होत होतं. साजन म्हणाला, "बस, यही बोलेंगे. कॅल्क्युलेशन से पता चला. खलास." भिंत फोडायची तर घरच्यांची परवानगी लागणार होती, म्हणून त्या व्यापाऱ्याची थोरली मुलगी आली. सत्तरीची, काठी टेकत. सगळे तिला उम्म राशिद, म्हणजे राशिदची आई, म्हणत. मुंबईशी व्यापार असलेल्या तिथल्या जुन्या लोकांसारखी ती छान हिंदी बोलायची. तिने नकाशावर बोट ठेवलं आणि मलाच विचारलं, "ये किसने बताया?"

साजन कॅल्क्युलेशन म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"कोनाडा पण काढलाय," ती म्हणाली. "कोनाडा बाहेरून मोजता येतो?"

खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते, ती माझ्यात नव्हती. मी सगळं सांगितलं. हिरवा झगा, गादी, ती काय म्हणाली ते.

उम्म राशिद खुर्चीवर बसली. धाकटी बहीण होती तिची. छातीचा आजार. घरात लहान मुलं, म्हणून वडिलांनी खोलीला बाहेरून कडी लावली. "मी रोज दाराबाहेर बसायचे. ती आतून एवढंच म्हणायची, दार उघडं ठेव. मी कधी उघडलं नाही, बेटा. बाबांना घाबरायचे." बहीण गेली त्याच महिन्यात दार-खिडकी दोन्ही बुजवली आणि घरात तिचं नाव घेणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत फोडली. आत खिडकीची जुनी चौकट, निळा कोनाडा. जमिनीवर धुळीचा जाड थर, आणि त्यावर एकही पाऊल नाही. माझंही नाही. मापं तंतोतंत तीच.

"कुठे बसली होती?" उम्म राशिदने विचारलं. मी जागा दाखवली. ती अबाया सावरत तिथेच धुळीत बसली. मजूर, साजन, एम्बसीचा माणूस, सगळे बाहेर थांबले. अर्धा तास कुणी 'यल्ला, चला' म्हटलं नाही.

साजन म्हणतो, आधी कुणाकडून ऐकलं असशील. कुणाकडून? अम्मी म्हणते, तुझं मन त्या दिवसांत उघडं होतं. मला तर ते बंद वाटत होतं.

एम्बसी सुरू झाली. रिसेप्शनमध्ये त्या घराचा इतिहास सांगणारा बोर्ड लावायचा होता. मजकूर आधी घरच्यांना दाखवला, मग नकाशासाठी माझ्याकडे आला. 'हे घर व्यापाऱ्याने आपल्या तीन मुलींसाठी बांधले' असं छापलेलं. उम्म राशिदने पेनाने 'तीन' खोडून 'चार' केलं होतं, आणि समासात एक नाव लिहिलं होतं.