पांढरा शर्ट आणि बिनतेलाचा भात

मधल्या सुट्टीची घंटा झाली की शिक्षकांच्या खोलीत डब्यांची झाकणं धडाधड उघडायची. मी शाळेत नवीन होते, त्यामुळे कोण काय आणतं याकडे माझं बारीक लक्ष असे. तेव्हाच मला ती पहिल्यांदा दिसली. खिडकीपाशी एक उंच, सडपातळ बाई कुणाच्या तरी फ्रॉकची खालची पट्टी दुमडत बसली होती. तिचा डबा शेजारी होता, पण बंद.

"जेवत नाही का तुम्ही?" मी विचारलं.

"घरी गेल्यावर," असं म्हणून तिने दातांनी दोरा तोडला.

भूगोलबाई माझ्या कानाशी लागल्या. "ती शिवणबाई. हातात कापड असलं की अन्नाला शिवायची नाही. डबा आणते तो सासूच्या समाधानासाठी."

पुढे आमची मैत्री झाली तेव्हा कारण कळलं. तिचे वडील शिंपी. दुकानात एकच कायदा होता: कात्री उचलली की घास बंद. लहानपणी तिने लोणी लागलेल्या बोटांनी एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटाला हात लावला होता. डाग गेला नाही, गिऱ्हाईकही पुन्हा आलं नाही. वडील ओरडले नाहीत, मारलं तर नाहीच. त्यांनी तो कोट फक्त दुकानातल्या खुंटीला टांगून ठेवला, तिला येता-जाता दिसेल असा. "मारलं असतं तर बरं झालं असतं गं," ती म्हणायची. "विसरले असते."

शाळेत ती हंगामी होती. कायम व्हायचं तर शिवणाची मोठी परीक्षा द्यावी लागे. ती सकाळी सुरू व्हायची आणि संध्याकाळी संपायची. एका दिवसात माप घेण्यापासून काजं करण्यापर्यंत अख्खा पुरुषाचा शर्ट उभा करायचा, आणि कापड पांढरंच मिळायचं. पहिल्या खेपेला ती सवयीप्रमाणे उपाशी राहिली. दुपारनंतर हात थरथरायला लागले, सुईत दोरा जाईना, आणि कॉलर लावता लावता ती मशीनवरच आडवी झाली.

दुसऱ्या खेपेला तिच्या सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. ठेंगण्या, गोल, आवाजाने खणखणीत बाई. "उपाशी कशी राहते बघते! सकाळी असं खाऊन जा की संध्याकाळपर्यंत बघायला नको." भात, बटाटे, अंडी, वर वाटीभर तुपातली खीर. सून मुकाट्याने जेवली. बारा वाजता तिच्या डोळ्यांवर अशी झापड आली की तिने शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच लावल्या. परीक्षक म्हणाले, "माणूस कुठून आणायचा याला?"

हे गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. सासूने पोट फुटेस्तोवर खायला घालून सुनेला नापास केलं, असं लोक म्हणू लागले. सासूबाईंनी ते ऐकलं आणि सुनेशी बोलणंच टाकलं. जणू गल्लीचं तोंड सुनेनेच उघडलं होतं.

तिसरी खेप शेवटची. नापास झाली तर शाळा दुसरी बाई घेणार, हे मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तिला खोलीत बोलावून सांगितलं होतं. सांगताना त्यांचाच चेहरा उतरला होता. मग काय, शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय उरला नाही.

"केळी!" कवायतीचे सर म्हणाले. "मी शर्यतीआधी केळीच खायचो."

"आणि नंबर कितवा यायचा?" भूगोलबाईंनी विचारलं. "त्यापेक्षा बदाम भिजवून खा."

"रात्री भात, सकाळी अंडं, दुपारी थोडं काहीतरी," विज्ञानाचे सर म्हणाले. "दुपारचं चुकवू नका."

"दुपारीच तर घोडं अडतं ना सर," शिवणबाई म्हणाली.

"चमच्याने खा."

"डबा उघडायला हातच लागतात. आणि धुतले तर ओलसर राहतात, कापडावर बोटं उमटतात." मग ती हसली. "मला परीक्षेला बसवताय की शर्यतीत पळवताय?" पण हसताना तिची बोटं पदराच्या काठाशी चाळा करत होती.

मोठ्या बाईंनी मला तिच्यासोबत जायला सांगितलं. सकाळी तिच्या घरी गेले तर टेबलावर एक उकडलेलं अंडं, पावाचा एक काप आणि अर्धा पेला दूध. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून भांडी घासत होत्या. त्यांनी आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. रस्त्यात ती म्हणाली, "बघितलंस? राग अजून गेला नाही. आज तर पोटभर खा असंही म्हणाल्या नाहीत."

दुपारच्या सुट्टीत परीक्षार्थी आवारात आले. बाहेर जायची परवानगी नव्हती. मी फाटकाबाहेर उभी होते. ती दोन्ही हात छातीशी धरून आली, ओला रंग लागलेले हात धरावेत तसे. चेहरा पांढरा पडला होता.

"कितपत आलंय?" मी विचारलं.

"बाह्या लागल्या. एक उजवी, एक डावी, दोनदा बघितलं. कॉलर आणि काजं राहिलीत." ती थांबली. "हात कापायला लागलेत गं."

इतक्यात मागून मला कुणीतरी बाजूला सारलं. सासूबाई होत्या, धापा टाकत, कडेवर मूल घ्यावं तसा डबा घेऊन. त्यांनी गजांमधून हात आत घातला. बोटांत भात आणि कुस्करलेला बटाटा होता.

"आ कर."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनाही भूक लागली असेल. आ कर म्हणते ना! मीठ घातलंय फक्त, तेलाचा थेंब नाही. आणि तू कशाला हात लावू नकोस."

तिने तोंड उघडलं. सासूबाई घास भरवत राहिल्या, लहान लहान, आणि मध्येच पदराने तिची हनुवटी पुसत राहिल्या. डबा निम्मा झाला तेव्हा त्यांनी झाकण लावलं. "बास. जास्त दिलं तर पुन्हा झोपशील आणि गल्ली पुन्हा माझ्या नावाने खडे फोडेल. जा, कॉलर लाव."

ती वळली. जाताना हात तसेच छातीशी होते, पण खांदे सैल झाले होते.

ती पास झाली. फार मोठ्या गुणांनी नव्हे. कॉलरचं एक टोक किंचित आखूड निघालं होतं. निकाल ऐकून सासूबाई म्हणाल्या, "बटाटा कमी पडला." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं सुरू झालं, म्हणजे भांडणंही सुरू झाली.

पुढे शाळेच्या कितीतरी मुलींनी तिच्याकडून काजं शिकली. आम्ही दोघी मागेपुढे निवृत्त झालो. सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून कपडे सैल-घट्ट करून देते. परवा माझा एक ब्लाउज घेऊन भर दुपारी गेले, तर दार लोटलेलं. शेजारच्याने सांगितलं, "अर्ध्या तासाने या. बाई जेवतायत."