जपानच्या बांधाची चौकशी

पोरीचं स्थळ बघायला गेलेले लोक घर बघतात, नोकरी बघतात, मुलाच्या आईचा स्वभाव बघतात. माझा धाकटा भाऊ आधी शेतात जातो. म्हसावदला त्याची ही खोड सगळ्यांना ठाऊक आहे. चहा नको, पोहे नको, आधी वावर दाखवा म्हणतो आणि बांधावरून एक फेरी मारून येतो. बांध सरळ असेल, शेजारच्या शेतातला माणूस हात वर करून राम राम घालत असेल, तर घर चांगलं. बांध कोरलेला दिसला की हा चपला घालून परत. नवरा-बायकोचं भांडण दोन दिवसांचं, बांधाचं भांडण नातवंडांपर्यंत जातं, असं त्याचं म्हणणं. थोरल्या पोरीच्या वेळी त्याने एक चांगला इंजिनिअर मुलगा एवढ्यावरून नाकारला, की मुलाच्या काकाने शेजाऱ्याच्या हद्दीत केळीची एक ओळ जास्त लावली होती.

धाकटीसाठी ब्राह्मणपुरीचं स्थळ आलं. मुलगा जपानमध्ये यंत्रांच्या कारखान्यात. पुण्यात नोकरी करणारी माझी भाची त्याच्याशी दोन महिने फोनवर बोलत होती आणि तिला तो मनापासून आवडला होता. हे घरात फक्त मला, म्हणजे तिच्या फुईला, माहीत होतं. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. पोरीने गुपचूप जपानी शिकायलाही घेतलं होतं. फोनवर मला आकडे म्हणून दाखवायची. तिच्या नादाने मीही दहापर्यंत शिकले आणि हे लग्न व्हावं असं मला तिच्याइतकंच वाटू लागलं.

भाऊ मला घेऊन ब्राह्मणपुरीला गेला. बांध सुतात. शेजाऱ्याने तर स्वतःच्या शेतातली पपई कापून आमच्या हातावर ठेवली. मी मनात म्हटलं, गंगेत घोडं न्हालं. परत येताना मोटारसायकलवर भाऊ अचानक म्हणाला, "बाई, पोर तर तठे ऱ्हाई. तठला शेजार कसा शे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे, आणि निवृत्त झाल्यापासून भूगोलातला एक प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. घरी पोचताच मी जपानचा नकाशा पसरला. या बेटांवरून चीनशी वाद, त्या खडकांवरून कोरियाशी वाद, वर उत्तरेला रशियाशी वाद. तिन्ही ठिकाणं पेन्सिलीने गोल करून दिली. भाऊ ओणवा होऊन बघत होता. वर्गातली पोरं कधी इतकं लक्ष देऊन ऐकत नसत.

"चारीमेर पानी, तरी बांधना वाद?" तो म्हणाला. "पानीमा कोन बांध घालस?"

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतल्याचं माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी सारवासारव केली. वाद जुने आहेत, रोज कोणी भांडत नाही, बेटांवर बहुतेक दगडच आहेत. हे शेवटचं तर मी मुळीच बोलायला नको होतं, कारण दगडांसाठी भांडणारा माणूस मातीसाठी भांडणाऱ्यापेक्षा वाईट, असं त्याने लगेच ठरवून टाकलं. तिकडे त्याच सुमारास निवडणूक होती. बऱ्याच घासाघिशीनंतर तो एवढ्यावर आला, की निकाल लागू दे. मवाळ माणसं आली तर पुढे जाऊ.

मग काय, पंधरा दिवस म्हसावदच्या पारावर जपानची निवडणूक. ऊसतोड जोरात होती, पण पारावर उसाचा विषय कोणी काढेना. ज्यांना आपल्या वॉर्डातला पंच आठवत नव्हता, ते जपानच्या संसदेवर बोलू लागले. एका ट्रॅक्टरवाल्याने तर भावाला थांबवून विचारलं, की आपला माणूस कुठून उभा आहे.

निकाल लागला. जुन्या विचारांचा, कडक बोलणारा पक्ष धो धो निवडून आला. लष्कर वाढवू, कोणासमोर नमणार नाही, अशी त्यांची भाषा. ब्राह्मणपुरीच्या व्याह्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलाचा साहेब खूश आहे एवढंच त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी आमच्याकडे पेढे पाठवले आणि फोन करून आपलं सरकार आल्याचं कळवलं. भावाने पेढ्यांना हात लावला नाही. मी दोन खाल्ले.

मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आपल्याकडे असंच कडक बोलणारं सरकार आलं, तेव्हा पेढे वाटणारा हाच होता. शेजाऱ्याला एकदाचा धडा शिकवा म्हणून टीव्हीपुढे मांडी ठोकून ओरडणारा हाच. मी त्याला तसं स्पष्ट बोलून दाखवलं. त्याने शांतपणे उत्तर दिलं, की तेव्हा आपली पोरगी तिकडे द्यायची नव्हती.

पुढचे काही दिवस तो बातम्या बघत बसला. चीन आधीपासून रुसलेला होता. जपानचे मासे घेणं बंद, आपल्या लोकांना तिकडे फिरायला जाऊ नका म्हणून सांगणं चालू. टीव्हीवरचे जाणकार नकाशावर बाण काढत होते. भावाला बाणांची गरज नव्हती. आधी दूध घेणं बंद होतं, मग लग्नाकार्याला येणं बंद होतं, मग वकील येतो, असं त्याने मला समजावलं. खरं सांगते, इतकं सोपं करून मला कधी शिकवता आलं नसतं. शेवटी त्याने जाहीर केलं, की भांडखोर शेजारात पोर द्यायची नाही.

भाची पुण्याहून रविवारी आली. मला वाटलं होतं रडेल. ती रडली नाही. अंगणात बाप लसूण सोलत बसला होता, त्याच्यासमोर जाऊन खाली बसली आणि स्वतःही एक गड्डा घेतला.

आता मला माझ्या भावाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. इतका वेळ सांगितली नाही, कारण शेवटी मी बहीण आहे. त्याच्या स्वतःच्या शेताला पूर्वेकडून जो शेजारी आहे, त्याच्याशी तो चौदा वर्षं बोललेला नाही. हातभर बांधासाठी. शहाद्याच्या कोर्टात तारखा चालू आहेत. तो शेजारी एक नंबरचा खोटारडा, हे आमच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवलेलं आहे. आपलं भांडण मात्र भांडण नसून न्याय आहे, असं भाऊ मानतो.

"आबा," भाची म्हणाली, "ब्राह्मणपुरीवाला आपला बांध दखी गयात."

भावाचे हात थांबले. मुलाचे आईबाप न कळवता म्हसावदला येऊन गेले होते. त्यांनाही चौकशी करायची होती, आणि चौकशी करायला त्यांना शेतात जो पहिला माणूस दिसला, तो नेमका पूर्वेचा शेजारी. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. पोरीच्या लग्नाचं वाटोळं करायची याहून चांगली संधी त्या माणसाला चौदा वर्षांत मिळाली नव्हती.

तो काय म्हणाला, हे भावाने विचारलं नाही. मुलाकडून फोनवर कळलेलं पोरीनेच सांगितलं. "त्यानी सांगं, मानूस वाकडा शे, पन पोर सोनं शे. डोया मिटीसन करा."

मग तिने हातातला लसूण खाली ठेवला. "तठे भांडन देसनं शे, आबा. आठे तर मन्हा बापनं शे. तरी त्यासनी माले हो म्हनं."

भावाने लसणाच्या साली गोळा करून एका बाजूला सारल्या. चूल पेटवायचं निमित्त करून उठावं असं मला वाटलं, पण पुढचं ऐकायचं होतं. त्याचा चेहरा बघून मला त्याची दया आली, आणि ती मी लपवलीही नाही.

"तो खोटं नही बोलस," तो शेवटी म्हणाला. चौदा वर्षं शहाद्याला नेमकं उलटं लिहून देणारा माझा भाऊ.

पोरीने हळूच विचारलं, की मग त्यांना काय कळवू.

"सांग, आमले मान्य शे." तो पुन्हा लसूण सोलू लागला. थोड्या वेळाने वर न बघताच म्हणाला, "अन् त्यासले हाईबी सांग, मानूस वाकडा शे हाईबी खरं शे."