तिसरी बाई

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या काकूंना एक थोरली बहीण होती, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंनी ते कुणाच्या कानावर जाऊच दिलं नव्हतं. पोटच्या मुलीलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं, तुझी मावशी तापाने गेली.

ताई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. चाळीस वर्षांपूर्वी शहरात एका माणसाने एकामागून एक पाच बायकांचे गळे आवळले. त्यातली तिसरी ताई. कामाची पाळी संपल्यावर बस चुकली म्हणून ती चालत निघाली होती, एवढंच.

वर्षभराने टीव्हीसाठी चित्रपट काढणारा एक दिग्दर्शक घरी आला. गोडबोल्या होता. काकूंच्या आईने त्याच्यापुढे सगळं मन मोकळं केलं: ताईचा जाड चष्मा, तिचा तिरसट स्वभाव, धाकटीला गणित शिकवताना ती द्यायची त्या टपल्या.

चित्रपट लागला तेव्हा शेजारीपाजारीही येऊन बसले होते. पडद्यावरची तिसरी बाई भडक लिपस्टिक लावून, परक्या पुरुषाच्या गळ्यात हात टाकून दारूच्या अड्ड्यातून बाहेर पडली. पुढे तिच्या प्रेतावर वाकून गुप्तहेर म्हणाला, "अशा बाया मरण स्वतःच ओढवून घेतात." खोलीत कुणी कुणाकडे बघेना. आई उठून आत गेली. त्यानंतर तिने ताईचं नाव म्हणून काढलं नाही. काकूंचं ठरत आलेलं लग्न त्याच आठवड्यात मोडलं. दुसरं जमायला सात वर्षं गेली.

यंदा वाचनालयाने तो 'गाजलेला जुना रहस्यपट' दाखवायचं ठरवलं. दिग्दर्शक स्वतः येणार होता. काकूंच्या मुलीला अशा चित्रपटांचं भारी वेड. "आई, चल ना गं," म्हणून ती मागेच लागली. काकू गेल्या. चित्रपट संपल्यावर कुणाला काही विचारायचंय का, असं पुकारलं, तशा त्या उभ्या राहिल्या.

"तिसरी बाई शर्ट शिवायची. तुम्हाला माहीत होतं. मग असं का दाखवलंत?"

दिग्दर्शक हसला. "अहो बाई, शर्ट शिवणारीला कोण बघत बसणार?"

लोकही हसले.

"ती माझी बहीण होती."

म्हाताऱ्या दिग्दर्शकाने हात जोडले. "वाईट वाटतं हो. पण बघा ना, आजही लोक तिला पाहतायत. हे काय थोडं आहे?"

टाळ्या पडल्या. काकूंनी पिशवी उचलली आणि त्या तडक बाहेर आल्या. मुलीने पळत येऊन त्यांना पायऱ्यांवर गाठलं.

"मला कधी बोलली का नाहीस?" तिने विचारलं. मग जरा घुटमळून म्हणाली, "पण आई, मावशी खरंच तशी नव्हती ना?"

एक थोबाडीत ठेवून द्यावी, असं काकूंना वाटलं.

"नव्हती," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांत हे असं तोंडाने म्हणायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि आणली ती त्यांच्याच लेकीने.