सुमनची बाही

आमच्या मोठ्या बाई रडणाऱ्या मुलाला कधी गप्प करत नसत. शेजारी जमिनीवर बसत आणि बघत राहत. दौंडच्या आमच्या मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत पोरं काय थोडी रडायची? माझं तर डोकं उठायचं. बाई म्हणायच्या, "रडू दे गं. सांगायला दुसरं काय आहे त्याच्याकडं?"

मांडवगण फराट्याची सुमन आठ-नऊ वर्षांची. बोलत नसे, पण गोड पोर. वेणी घालून घ्यायला स्वतःच कंगवा घेऊन यायची. एका दिवाळीच्या सुट्टीहून आली ती पार बदलून. प्रार्थनेला उदबत्ती लावली की किंचाळायची, कपडे ओले करायची, धरायला जावं तर कडकडून चावायची.

"अशी मुलं अशीच करतात," आम्ही सांभाळणाऱ्या बायकांनी म्हटलं.

बाई भडकल्या. "अशीच म्हणजे कशी? दिवाळीआधी चावत होती का?"

त्यांनी उदबत्ती बंद केली. सुमनला एकदम हात लावायचा नाही, आधी समोर बसून हात दाखवायचा, अशी आम्हाला ताकीद दिली. हळूहळू तिनं बाईंना अंघोळ घालू दिली. दंडावर भाजल्याचे डाग होते. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

त्यांनी सुमनच्या वडिलांना, आप्पांना, निरोप धाडला. पण आप्पा आले ते सुमनला न्यायलाच.

"मी काय वैरी हाय व्हय तिचा, बाई? वाचा फुटावी म्हणून देवऋष्याकडनं डाग दिलं. अजून एक फेरा ऱ्हायलाय, अवसेला."

"मी पाठवणार नाही," बाई म्हणाल्या.

"लेक माझी हाय!"

आप्पांनी खिशातून देवऋष्यानं दिलेल्या अंगाऱ्याची पुडी काढली. निघण्याआधी तिच्या कपाळाला लावायचा होता. पुडी उघडताच उदाचा वास सुटला. सुमन किंचाळली नाही. तिनं डोळे गच्च मिटले, फ्रॉकची बाही आपल्या हातानं वर सरकवली आणि दंड बापापुढं केला.

आप्पांनी पुडी मिटून खिशात घातली. "न्हाई नेत," एवढंच म्हणाले.

पुढं बाई निवृत्त होऊन शिरूरला निघाल्या. मी म्हटलं, "सुमनची काळजी करू नका. आईबापाचा लई जीव आहे तिच्यावर."

"त्याचीच तर भीती वाटते गं," बाई म्हणाल्या. "उद्या दुसरा कुणी देवऋषी भेटला, तर त्या जिवापायीच नेतील."

सुट्टीहून पोरं परतली, की आजही मी समोर बसून आधी हात दाखवते आणि मग त्यांच्या बाह्या वर करून बघते.