मायक्रोवेव्हची भूक

शेंगदाणे भाजायला माझा हात आता कढईवर टिकत नाही, म्हणून लेकाने मायक्रोवेव्ह आणला. आठवड्यात तीनदा स्वयंपाकघरातली वीज गेली. बोर्डातला एमसीबी, म्हणजे आमच्या भाषेत खटका, टक्कन खाली.

"आई, हा दुकानात परत देतो. आपल्या वायरिंगला झेपंना," लेक म्हणाला. म्हणजे शेंगाचटणी इथून पुढे विकतची. सोलापुरात राहून? मला चालणार नव्हतं.

सुनेने पॉवर अर्ध्यावर ठेवून पाहिली होती, तरी खटका पडलाच. मी स्टूल टाकून शेजारी बसले आणि नुसतं ऐकलं. अर्ध्यावर तो हळू चालत नाही. गुणगुणतो, गप्प बसतो, पुन्हा गुणगुणतो. पण गुणगुणताना वीज पुरीच ओढतो. आमचे हे उपवासाला एकदाच जेवायचे, पण बसले की ताट भरून, तसलाच प्रकार.

मग त्याच्या पाठीवरची पट्टी भिंगातून वाचली. दाण्यांना देतो आठशे वॅट, भिंतीतून घेतो बाराशे. उरलेले चारशे स्वतःच्याच अंगात तापवून घालवतो. आणि त्याच वायरीवर आमची दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी. दोन्ही एकदम चालले की बत्तीसशे.

वायरमन आला. "आज्जी, मोठा खटका टाकतो की. पडायचं नावच न्हाय."

हेच शहाणपण मी लग्नानंतर केलं होतं. इस्त्री लावली की फ्यूज उडायचा, म्हणून मी बाईसाहेबांनी केसाएवढ्या तारेच्या जागी कपडे वाळत घालायची तार गुंडाळली. फ्यूज शाबूत राहिला, भिंतीतली वायर धुमसली. सासूबाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तर ही अक्कलवंत म्हणते, "थांबा की, एकच साडी राहिलीय."

"बाबा, खटका वायरीचा राखणदार असतो," मी वायरमनला म्हटलं. "झोपाळू नेमू नको. आधी शेगडी बंद करून बघ."

शेगडी बंद केली. पाव किलो दाणे, पुरी पॉवर, दर मिनिटाला ढवळून. लेक खटक्याकडे बघत उभा, मी दाण्यांकडे. खटका जागचा हलला नाही आणि दाण्यांची सालं सुटली. लेकाने दुकानाची पावती गुपचूप खिशात घातली.

वायरमनने मायक्रोवेव्हला बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढून दिली. जाताना दाणे खात म्हणाला, "आज्जी, आमच्यासंगं कामाला येता काय?"

"येते की," मी म्हटलं. "माझ्या हाताखाली राहणार असशील तर."