वरच्या खोलीची खिडकी

लग्न होऊन मी सुरतेत, डिंडोलीला आले तेव्हा सासरच्या घरावर वरचा मजला चढत होता. दारातला वाळूचा ढीग रोज थोडा कमी व्हायचा आणि किस्से थोडे वाढायचे. वाळू कधीच संपली, किस्से उरलेत. वरची खोली आम्हा दोघांची. पण पालिकेचा दाखला मिळेपर्यंत मी सासूबाईंजवळ आत झोपायचे आणि हे बाहेर ओट्यावर.

*

नकाशा काढला होता भरतभाई इंजिनिअरनी. ते म्हणाले, बाजूला तीन फूट मोकळं सोडा.

"तीन फूट शेजाऱ्याला फुकट?" सासरे म्हणाले.

"शेजाऱ्याला नहीं काका, हवा को."

"हवेच्या नावावर सातबारा आहे का?"

भरतभाईंना मराठी जेमतेम यायचं, पण सातबारा बरोबर कळला. त्यांनी पाणी मागितलं.

*

नकाशात वरच्या खोलीला खिडकी होती. सासऱ्यांनी गवंड्याला सांगून ती विटांनी बुजवून टाकली.

"समोर शेजाऱ्यांची गच्ची, इथे सुनेची खोली. खिडकी कशाला?"

सून खाली कणीक मळत होती. तिला कोणी विचारलं नाही.

*

खोलीत हवा खेळते का, ते भरतभाई उदबत्तीने बघत. पेटवून कोपऱ्याकोपऱ्यात धरायची, धूर कुठे वळतो ते पाहायचं. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून त्यांच्या मागे फिरल्या. शेवटी हातात नारळ दिला.

"मासी, मैं तो हवा देख रहा था."

"मग? दिसली का?"

वरच्या खोलीत धूर सरळ उभा होता.

*

हे रंगाईच्या मिलमध्ये कामाला. एकदा डब्याच्या पिशवीतून तिथला थर्मामीटर आणला आणि दुपारी वरच्या खोलीत टांगला. पारा एक्केचाळीसवर. सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिला.

"आमच्या लूमच्या खात्यात याहून जास्त असतं. तिथं मी बारा तास उभा असतो. इथं तर नुसतं झोपायचंय."

*

मग पालिकेचे साहेब तपासणीला आले. टेप लावला, नकाशा उलगडला.

"यहाँ खिडकी दिखाई है. कमरे में सोएगा कौन?"

वडिलांसमोर हे कुठले बोलायला. सासरे म्हणाले, "सोने का नहीं है साहेब. अनाज रखेंगे."

धान्याच्या खोलीला खिडकी लागत नाही. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तोवर सासऱ्यांसमोर मी 'हो' आणि 'जेवायला वाढलंय' याच्यापुढे गेले नव्हते.

"हम सोएँगे," मी म्हटलं.

हे ट्रेमधल्या बशीकडे बघत राहिले. साहेबांनी लिहिलं: आधी खिडकी, मग दाखला. चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे छिन्नी-हातोडा घेऊन वरच्या भिंतीसमोर उभे. माझ्याकडे न बघता सासूबाईंना अहिराणीत म्हणाले, "इचार तिले, केवढी जोयजे."

सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "नकाशात आहे तेवढी."